भिंगरी आणि रेवा : घरच्या लॉगबुकातून

८ जून २०२५, रविवार

सबस्टेशनला शिफ्ट संपली की लॉगबुक लिहून पुढच्याच्या हवाली करायचं, ही आयुष्यभराची सवय. निवृत्तीनंतर लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज वही उघडली.

घटना: सकाळी पावणेअकरा. रेवा (नात, वय एक वर्ष एक महिना, नुकती पाऊल टाकायला लागलेली) हॉलमधल्या दिवाणाखाली रांगत शिरली. तिथे भिंगरी (देशी कुत्री, वय अंदाजे आठ, नसबंदी झालेली) झोपली होती. भिंगरी गुरगुरली. निखिलने (मुलगा) रेवाला पायाला धरून बाहेर ओढलं आणि पेपरची गुंडाळी करून भिंगरीच्या पाठीत हाणली. रेवा रडली, ऋता (सून) रडली, भिंगरी मागच्या अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. इजा कुणालाही नाही.

रात्री जेवताना हिने विषय काढला. "लेकरावर गुरगुरणारं जनावर घरात नको." आता भिंगरी ही ऋताबरोबर तिच्या माहेरून आलेली, त्यामुळे हे वाक्य कुत्रीपुरतं राहत नाही. ऋता ताटावरून उठली. निखिल म्हणाला, "दोन रट्टे बसले की समजेल तिला." मी म्हटलं, आधी पशुवैद्याला दाखवू, मग मतं मांडू.

९ जून

दिवसभर नुसतं बघत बसलो, कागदावर रो-हाउसचा नकाशा काढून. खटका कुठे उडतो ते पाहिलं. जागा मोजक्याच निघाल्या: दिवाणाखाली, स्वयंपाकघर ते जिना ही अरुंद वाट, भिंगरीची ताटली, आणि रेवाच्या उंच खुर्चीखालची फरशी. चारही ठिकाणी भिंगरीला मागे सरकायला जागा नाही. मोकळ्या हॉलमध्ये रेवा तिच्याकडे आली की भिंगरी उठून जाते, काही होत नाही. वेळ बहुतेक संध्याकाळी सहा ते आठ. तेव्हा रेवा किरकिरलेली, कुकर चाललेला, निखिल नुकता आलेला, आणि भिंगरीचं फिरणं राहिलेलं.

एक गोष्ट जवळून दिसली, ती लिहून ठेवतो. दुपारी रेवा तिच्या दिशेने थपथप करत निघाली तेव्हा भिंगरीने गुरगुरण्याच्या कितीतरी आधी तोंड वळवलं. मग जांभई दिली, जीभ नाकावरून फिरवली. रेवा आणखी जवळ आल्यावर मान तशीच ठेवून फक्त बुबुळं तिच्याकडे वळवली. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली. मग ती उठून गेली. झोप आली असेल म्हणून आजवर ही जांभई आम्ही सोडून देत होतो.

११ जून

डॉक्टरांकडे जाऊन आलो. आधी त्यांनी वागण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही, अंग तपासलं. डाव्या कानात काळपट मळ आणि वास. पावसाळ्याच्या तोंडावर कानाचे आजार वाढतातच म्हणाले. मागच्या उजव्या मांडीवर दाबलं तशी भिंगरीने झटकन मान वळवली. सांधे दुखतात. आठ वर्षांच्या कुत्रीच्या अंगावर दहा किलोचं पोर धप्पकन बसलं तर ती काय करेल, हा प्रश्न त्यांनी निखिलला विचारला. निखिल गप्प.

कानात थेंब, सांध्यांसाठी कुत्र्यांची वेदनाशामक गोळी काही आठवडे. माणसांची आयबुप्रोफेन वगैरे चुकूनही द्यायची नाही, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक. रेबीजची वार्षिक लस जवळ आली होती, ती आजच देऊन टाकली. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, कारण आता रेवा फरशीवरचं सगळं तोंडात घालते.

मग गुरगुरण्याचं. केंडल शेफर्ड नावाच्या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या इशाऱ्यांची एक शिडी मांडली आहे, ती त्यांनी कागदावर काढून दिली. खालच्या पायऱ्यांवर जांभई, नाक चाटणं, तोंड फिरवणं, निघून जाणं. त्याच्या वर अंग चोरणं, शेपटी पोटाशी घेणं. त्याच्या वर ताठ होऊन टक लावणं. मग गुरगुर, हवेत दात वाजवणं, आणि शेवटी चावा. गुरगुरल्याबद्दल मार दिला तर कुत्र्याची नावड जात नाही, फक्त ती पायरी निखळते. पुढच्या वेळी खालून थेट वर.

आम्ही वीज खात्यातली माणसं. अलार्म वाजतो म्हणून त्याची वायर तोडणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो, ते इथे लिहिता येत नाही. निखिलला गाडीत तेवढंच सांगितलं. त्याला पटलं असावं, कारण घरी आल्यावर त्याने कानाचे थेंब स्वतः घातले.

१५ जून

फाटकं. ऑनलाइन मिळणारं, दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचं फाटक ऋताने मागवलं होतं. भिंगरीने ते पहिल्याच संध्याकाळी सहज ओलांडलं. देशी कुत्रीला अडीच फूट म्हणजे काहीच नाही. शिवाय तसलं दाबून बसवलेलं फाटक जिन्याच्या वरच्या टोकाला लावायचंच नसतं. मुलाने जोर लावला की फाटक आणि मूल दोन्ही खाली.

म्हणून फॅब्रिकेटरला बोलावलं. स्वयंपाकघराच्या दाराला आणि जिन्याच्या तोंडाशी पाईपची दोन फाटकं, साडेतीन फूट उंच, भिंतीत रावळप्लग मारून. उभ्या सळ्यांमधलं अंतर दोन इंच, म्हणजे रेवाचं डोकं अडकणार नाही आणि भिंगरीचं थोबाड बाहेर येणार नाही. आडवी पट्टी मध्ये नको म्हणून बजावलं, नाहीतर पोर शिडीसारखी चढेल. फॅब्रिकेटरला वाटलं आम्ही बकरी पाळणार.

दोन फाटकांमध्ये भिंगरीची जागा: जिन्याखालचा कोपरा, तिची गोधडी, पाणी, खिडकी. तिथे रेवाला प्रवेश नाही, पाहुण्यांना नाही, "जरा लाडाने बघते" म्हणणाऱ्यांनाही नाही. दिवाणाखालची जागा प्लायवूडची फळी मारून बंद केली. भिंगरीला तिची आवडती जागा गेल्याचं वाईट वाटलं खरं. दोन दिवस ती फळी हुंगत होती.

घरातल्या माणसांसाठी नियम एकच ठेवला. दोघी एका जागेत असतील तर एक मोठं माणूस ड्यूटीवर, हातात मोबाइल नाही, गॅसवर काही नाही. ड्यूटी सोडताना तोंडाने बोलायचं, "रेवा तुझ्याकडे," आणि समोरच्याने "माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. घेणारं कुणी नसेल तर फाटक बंद. "आहेत की सगळे घरात" या भरवशावर मोठमोठे अपघात झालेले पाहिलेत. ही म्हणाली, घराचं सबस्टेशन केलंत. केलं.

२४ जून

शिकवणी सुरू. शब्द: "जागेवर". अर्थ: गोधडीवर जाऊन बस, तिथे चांगलं काहीतरी मिळतं. आधी रेवा झोपलेली असताना, मग ती फाटकापलीकडे खेळत असताना. गोधडीवर आडवी पडली की बक्षीस. बक्षीस म्हणून उकडलेलं अंडं चालेल असं डॉक्टर म्हणाले आणि घरात पेच पडला, कारण हिच्या स्वयंपाकघरात अंडं कधी शिजलेलं नाही. तोडगा: मागच्या अंगणात जुनी शेगडी, वेगळं पातेलं, आणि आचारी मी. बारक्या तुकड्यांत एक अंडं दिवसभर पुरतं. काकडीचे तुकडेही भिंगरी आवडीने खाते, पण अंड्यासमोर काकडी म्हणजे उपवासच.

दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. रेवा फाटकापलीकडे दिसली की भिंगरीला तुकडा, रेवा गेली की तुकडे बंद. आठवडाभरात फाटकाशी रेवाची पावलं वाजली की भिंगरी रेवाकडे न बघता माझ्या हाताकडे बघू लागली. शेपटी सैल. हेच हवं होतं.

२ जुलै

उंच खुर्चीखालची फरशी. रेवाला भरवताना निम्मं खाली पडतं आणि भिंगरी तिथे तळ ठोकते. सगळ्यांना सोय वाटते, पुसायला लागत नाही. पण आज दोन गोष्टी एकदम झाल्या.

रेवाला खाली उतरवलं तशी ती स्वतःचंच पडलेलं बिस्किट उचलायला वाकली. भिंगरीचं तोंड बिस्किटापासून वीतभर अंतरावर. भिंगरी थिजली. गुरगुर नाही, काही नाही, शेपटीचं हलणं मधेच थांबलं, श्वाससुद्धा थांबल्यासारखा, नजर बिस्किटावर. या थिजण्याला मी गुरगुरीपेक्षा जास्त भितो. ऋता ड्यूटीवर होती, तिने "भिंगरी, जागेवर!" म्हटलं आणि अंड्याचा तुकडा गोधडीच्या दिशेने फेकला. भिंगरी गेली. रेवाने बिस्किट खाल्लं.

दुसरी गोष्ट, फरशीवर मनुका होते. तासगावहून हिच्या भाचीकडून दर वर्षी डबा येतो आणि रेवाला रोज चार मिळतात. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा हिशोब आधी मांडता येत नाही. डॉक्टरांना फोन केला. भिंगरीने एकही खाल्लेला नव्हता, कारण फरशीवर चारच्या चार सापडले. पण ती थांबली असती का, सांगता येत नाही. चॉकलेटचं सगळ्यांना माहीत असतं, मनुकांचं कुणालाच नाही. द्राक्षाच्या नाशकात तरी माहीत असायला हवं.

आजपासून रेवाचं जेवण चालू असताना भिंगरी फाटकाच्या आत. फरशी पुसल्यावर बाहेर.

१९ जुलै

रेवाला शिकवण्याबद्दल घरात फार आशा आहेत. माझ्या नाहीत. सव्वा वर्षाचं मूल "हळू" म्हणतं आणि त्याच क्षणी कान ओढतं. हात आणि शब्द अजून एकमेकांना ओळखत नाहीत. दात विचकलेलं कुत्रं या वयाच्या मुलांना हसरं वाटतं, असंही डॉक्टर म्हणाले.

तरी रोज थोडं करतो. रेवाचा हात माझ्या हातात, पंजा सरळ, भिंगरीच्या खांद्यावरून एकदोनदा. डोक्यावरून नाही, शेपटीकडे नाही. मग हात काढून घ्यायचा आणि बघायचं. भिंगरी जवळ सरकली तर आणखी एकदा, तोंड फिरवलं तर संपलं. आज तिने तोंड फिरवलं. रेवाला उचलून म्हटलं, "भिंगरी नको म्हणाली." रेवा मान हलवत "नोको" म्हणाली. दिवसभर मग वरणाला नोको, झोपेला नोको.

गळ्यात हात टाकून फोटो काढायचे नाहीत, हे निखिलच्या मित्रांना समजावणं सगळ्यात अवघड. आपल्याला मिठी वाटते, कुत्र्याला ते अडकवणं असतं. आणि तोंड बरोबर तोंडाशी. लहान मुलांना होणारे चावे बहुतेक ओळखीच्याच कुत्र्यांचे असतात आणि उंचीमुळे चेहऱ्यावर-मानेवर बसतात.

१४ ऑगस्ट

दिल्लीतले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा असा सर्वोच्च न्यायालयाचा ११ तारखेचा आदेश आला आणि आमच्या गल्लीतल्या कट्ट्यावर सगळे कुत्रातज्ज्ञ झाले. शेजारच्या अण्णांनी भिंगरीकडे बोट दाखवून विचारलं, "हिचं कधी?" मी म्हटलं, ही भटकी नाही आणि हे नाशिक आहे. त्यावर त्यांचं म्हणणं, लहान मूल असलेल्या घरात कुत्रा हवाच कशाला.

प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारलं: दुसरं घर बघायची वेळ कधी आली असं समजायचं? त्यांनी सांगितलं: इशारा न देता चावली तर. दात खोलवर रुतले तर. मुलाकडे टक लावून मागे मागे जाऊ लागली तर. किंवा घरातली माणसं फाटक आणि नजर दोन्ही सांभाळू शकत नसतील तर. या शेवटच्यात कुत्रीचा काहीच दोष नसतो, पण धोका तेवढाच. दुसरं घर म्हणजे माणसं नीट बघून, सगळी माहिती सांगून दिलेलं घर. लांबच्या हायवेवर सोडून येणं हा उपाय नाही, तो गुन्हा आहे. हिच्यासमोर सगळं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "मग अजून तरी वेळ आलेली नाही." ऋताने ऐकलं, बोलली काही नाही, पण संध्याकाळी हिच्या आवडीचं थालीपीठ झालं.

२३ ऑगस्ट

न्यायालयाने काल आदेश बदलला: नसबंदी आणि लस करून कुत्रे परत त्यांच्याच भागात सोडायचे, रेबीज झालेले किंवा आक्रमक सोडून. कट्टा आज शांत.

गणपतीची तयारी. भिंगरीला जाळीचा मुसका घालायची सवय लावतोय, पाहुण्यांच्या गर्दीत जिन्यातून अंगणात न्यायचं असेल तेव्हासाठी. जाळीचाच घ्यायचा, त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी पट्टीने तोंड आवळलं तर उकाड्यात जीव घाबरा होतो. आधी नुसता हातात धरून आतून अंडं भरवलं, आता स्वतःहून तोंड घालते.

२८ ऑगस्ट

काल गणेशचतुर्थी, आज दीड दिवसाचं विसर्जन. घरात माणूस मावत नव्हता. भिंगरी वरच्या खोलीत, दार बंद, पंखा चालू, दारावर "उघडू नये" असा माझ्या अक्षरातला कागद. दुपारी कुणातरी पाहुण्यांच्या मुलांनी कागद वाचला आणि म्हणूनच उघडलं. भिंगरी खाली आली, ढोल ऐकून जिन्याखालच्या कोपऱ्यात शिरली, आणि फाटक उघडंच राहिलं. रेवा तिच्यामागे गेली, गोधडीत पाय अडकून भिंगरीच्या मांडीवर पडली. दुखऱ्याच. भिंगरी ओरडून उसळली. दात लावले नाहीत, पण उसळताना पुढच्या पंजाचं नख रेवाच्या हातावर फिरलं. चार बोटं लांब लाल रेघ. रक्त नाही.

हळदीची वाटी घेऊन कुणीतरी धावलं. निखिलने ती बाजूला सारली. हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. किंचाळणाऱ्या सव्वा वर्षाच्या मुलीचा हात पंधरा मिनिटं नळाखाली धरणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल. मी घड्याळ बघत होतो, निखिलने हात धरला होता, ऋता तिच्या कानात आरती म्हणत होती. बेसिनमध्ये फेसाबरोबर रेवाच्या हातातला मोदकाचा चुरा वाहून गेला.

बालरोगतज्ज्ञांकडे लगेच. रक्त न येता फक्त ओरखडा असेल तर ती दुसरी श्रेणी: जखम धुणं आणि रेबीजची लस. रक्त निघालं असतं तर तिसरी, मग जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. कुत्रीला लस दिलेली आहे हे सांगितलं. ते म्हणाले ठीक, तरी सुरुवात आजच करायची, वाट बघायची नाही. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, कातडीत देतात: पहिला दिवस, मग ३, ७ आणि २८. कुत्रीवर दहा दिवस नजर. तेवढ्यात ती आजारी पडली किंवा मेली तर ताबडतोब कळवायचं.

ढोल, पाहुणे, बंद दार, दुखणारा पाय. एकेक गोष्ट भिंगरीने सोसली असती. एकावर एक चढत गेल्या. रेवा शेवटची.

ही रात्री म्हणाली, "दात असून लावले नाहीत हो तिने." पहिल्या दिवशी जनावर म्हणणारी हीच.

८ सप्टेंबर

दहा दिवस होऊन गेले, भिंगरी ठणठणीत. रेवाच्या हातावरची रेघ पुसली. डॉक्टरांनी लसीचं पुढे काय करायचं ते लिहून दिलं. वरच्या खोलीला आता कागदाऐवजी कुलूप.

१२ ऑक्टोबर

सकाळचं फिरणं वाढवलं आहे, आणि पळवण्याऐवजी हुंगू देतो. एका वीजखांबाला चार मिनिटं लागली तरी चालेल. असं फिरवलं की दुपारभर भिंगरी निवांत असते आणि संध्याकाळची सहा ते आठची वेळ निभावते. मळ्यांच्या बांधांवरून मात्र नेत नाही, द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू आहे आणि छाटलेल्या काड्यांना जी पेस्ट लावतात ती कुत्र्याच्या जिभेला लागायला नको.

रेवा आता पळते. पळणाऱ्या, किंचाळणाऱ्या लहान वस्तूमागे जावंसं वाटणं हे कुत्र्याच्या रक्तात असतं, म्हणून पकडापकडी चालू झाली की भिंगरी "जागेवर". बहुतेक वेळा सांगावं लागत नाही. रेवा पळायला लागली की ती उठून गोधडीवर जाते आणि माझ्याकडे बघते, अंडं कुठे आहे म्हणून.

२२ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन. फटाक्यांसाठी डॉक्टरांनी भिंगरीला गोळी लिहून दिली होती, दुपारीच दिली. फटाके सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. न्हाणीघरात गोधडी, नळ बारीक सोडलेला, मी बाहेर स्टुलावर. रेवा आजीकडे, बाल्कनीत फुलबाज्या बघायला. दोघींची रात्री गाठ पडली नाही. दोघींनाही त्याची गरज नव्हती.

३० नोव्हेंबर

नवा बिघाड. रेवाला फाटकाची कडी उघडता येते. आज सकाळी ऋता म्हणाली "रेवा तुझ्याकडे", मी म्हटलं "माझ्याकडे", आणि चहाचा कप ठेवेपर्यंत ही बाई चवड्यांवर उभी राहून, दोन सळ्यांतून हात घालून, पलीकडची कडी वर उचलत होती. भिंगरी आत उभी, शेपटी हलवत, जणू मदत करतेय. कडी निघाली. मी पोचलो, रेवाला काखोटीला मारलं.

फॅब्रिकेटरला फोन केला. कडी वर नेऊन भागणार नाही, उद्या ती स्टूल आणेल. दाबून मग सरकवायची अशी दुहेरी कडी बसवायची, फाटकाच्या मागच्या बाजूला, चार फुटांवर, त्यासाठी फाटकाला वर अर्धा फूट पाईप जोडून. त्याने विचारलं, "काका, बकरी उघडते का?" मी म्हटलं, हो. मंगळवारी येतो म्हणाला. तोवर फाटकाला सायकलची साखळी.